रिव्हरच्या पानास अनावृत पत्र

मा. रिव्हर महाशय,
स. न. वि. वि.

नो-लिमिट होल्डेममध्ये टेबलावर उलटणारे पाचवे आणि शेवटचे पान आपण. त्यामुळे सगळी बोंब आपल्याच नावाने. एक्क्यांची जोडी घेऊन राजांच्या जोडीसमोर सगळ्या चिप्स पुढे सारणारा खेळाडू शंभरात साधारण अठरा वेळा हरतो. पण हरला की ते गणित राहत नाही, आपला खुनशीपणा ठरतो. मग तो डाव भेटेल त्याला ऐकवला जातो. (उरलेल्या ब्याऐंशी डावांबद्दल बोलायला कुणाला सवड नसते.)

आपल्यावरच्या आरोपपत्रात व्यावसायिक खेळाडू फिल आयव्हीचे प्रकरण ठळक आहे. 2003, लास व्हेगास, वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा. दहाच जण उरलेले. आयव्हीकडे दोन नव्व्या. समोर ख्रिस मनीमेकर, टेनेसीचा अकाउंटंट, ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून आलेला, त्याच्याकडे एक्का-राणी. फ्लॉपवर, म्हणजे पटावरच्या पहिल्या तीन पानांत, आल्या दोन राण्या आणि एक छक्की. इथेच आयव्ही आडवा झाला होता. न दिसलेल्या 45 पानांत त्याला तारणाऱ्या नव्व्या दोनच, आणि टर्नवर, म्हणजे चौथ्या पानाला, नेमकी नव्वी पडली! आयव्हीचे फुल हाउस झाले. त्याने सगळे लावले, मनीमेकरने कॉल केला आणि आपण एक्का होऊन अवतरलात. मनीमेकरचे फुल हाउस वरचढ ठरले, आयव्ही दहावा. शिव्या मात्र आजही आपल्यालाच. वास्तविक आपण 44 पैकी 7 पानांतले एक होतात. 45 पैकी 2 मधल्या त्या नव्वीला कुणी नावे ठेवत नाही.

2008 मध्ये तर त्याच स्पर्धेत आपण कहरच केलात. चौकटचा एक्का होऊन मोतोयुकी माबुचीला चार एक्के दिलेत आणि त्याच एक्क्याने समोरच्या जस्टिन फिलिप्सला रॉयल फ्लश. एवढे सौजन्य कोण दाखवतो?

अचाट कॉलचे पापही आपल्याच माथी. सप्टेंबर 2022, कॅलिफोर्नियाचा हसलर कॅसिनो. पटावर दोन दश्श्या, नव्वी, तिर्री. रॉबी जेड लू हिने नुसत्या गुलाम-चारवर व्यावसायिक गॅरेट अॅडेलस्टीनचा ऑल-इन कॉल केला. त्याच्याकडे किलवरची अठ्ठी-सत्ती, म्हणजे अजून काहीच जमलेले नाही. उरलेल्या 44 पानांतली 20 त्याची, 24 तिची. पॉटचे दोन भाग करून आपल्याला दोनदा उलटवले, दोन्ही वेळा ती जिंकली. पॉट सुमारे 2,69,000 डॉलरचा. लबाडीचा संशय घेतला गेला, तिने पैसे परत केले, चौकशीत लबाडीचा पुरावा निघाला नाही. कॉल भिकार होता, यात वाद नाही. पण भिकार खेळणे हा गुन्हा नव्हे, आणि असे कॉल करणारे टेबलावर आहेत म्हणूनच व्यावसायिकांची चूल पेटते.

हे त्यांना कुणी सांगावे? मनीमेकर पुढे ती मुख्य स्पर्धाच जिंकला. त्या वर्षी तीत 839 जण होते. पुढच्या वर्षी 2,576, मग 5,619, 2006 मध्ये 8,773. टीव्ही आणि इंटरनेटचा वाटा मोठाच, पण अकाउंटंट जिंकू शकतो हे पाहूनही लोक आले. आपण त्या दिवशी दुर्री होऊन आला असतात, तर तो कदाचित जिंकलाच नसता.

तरी विनंती की, व्यावसायिकांच्या तक्रारींची दखल घेऊन कृपया सुधारू नये.

कळावे,
आपला,
टेबलावरचा सर्वांत कच्चा खेळाडू