रोहिण्या तापल्याच न्हाईत!

२०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात वैशाख वणवा पंचांगापुरताच उरला. एरवी ११ जूनच्या सुमारास मुंबई गाठणारा मोसमी पाऊस २६ मेलाच येऊन थडकला. शहरात लोकांनी भजी तळली, फोटो टाकले. गावात पारावर मात्र सुतक.

"रोहिण्या तापल्याच न्हाईत, आता मृगात काय कपाळ पडणार?" आबा तंबाखू मळत म्हणाले. हेच आबा आदल्या वर्षीच्या मे महिन्यात उपरण्यानं वारा घेत सूर्याच्या सात पिढ्या उद्धरत होते.

तसं आबांचं चुकत नाही (हे त्यांना सांगायचं नसतं). नांगरलेलं रान उन्हात तापलं तर हुमणीसारख्या किडी मरतात. त्या वर्षी ढेकळांचाच राडा झाला. नाशिककडे काढलेला उन्हाळ कांदा पातीखाली झाकून पडलेला; वरून टणक दिसे, बोट लावलं की आत जाई. माळवदावर लुगड्यावर घातलेल्या कुरडयांना आंबूस वास सुटला, त्याचंही खापर सुनेच्या हातगुणावर फुटलं.

पेरणीची घाई करू नका, असं कृषी खातं सांगत होतं. वाफसाच नाही म्हटल्यावर हा सल्ला गावानं शंभर टक्के पाळला.

तालुक्याला कूलरवाल्यानं दर्शनी भागात छत्र्या टांगल्या. आबांनी एक निवडली, उघडून पाहिली, काड्या मोजल्या आणि सुनावलं, "मे महिन्यात छत्री घेतंय कोण? निम्म्यात दे."