श्रावणबाळाची नवी कावड

ज्या पुत्राने अंध मातापित्यांस कावडीत बसवून तीर्थाटन घडविले, त्याचेच नाव निराधार वृद्धांच्या निवृत्तिवेतनास देणाऱ्या सरकारची रसिकता वाखाणण्याजोगी खरी. मात्र जळगाव-धुळ्याकडे या कथेत किंचित पाठभेद झालेला असून कावड वाहण्याचे काम मातापित्यांकडेच आलेले आहे. पासष्टी गाठलेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असल्याचे दाखल्यानिशी शाबीत केलेल्या म्हातारीने, दरमहा 1,500 रुपये चालू राहावेत म्हणून, दरसाल आपण हयात असल्याचीही खातरजमा करून द्यावी, असा दस्तूर आहे. अंथरुणास खिळलेल्या त्या माउलीच्या हयातीविषयी सुनेस तर मुळीच संशय नसतो, शेजाऱ्यांस नसतो, कोतवालासही नसतो. दफ्तरास मात्र असतो. वृद्धांसाठी 14567 ही निःशुल्क मदतवाहिनी आहेच, पण तो क्रमांक मुखोद्गत असलेले गृहस्थ बहुधा सकाळी फिरावयास जाणाऱ्यांपैकी असतात. बरे, साक्रीच्या पाड्यावरून एखादी आजी नातवाच्या फटफटीवर तालुक्यास पोहोचलीच, तर जन्मभर कापूस वेचून रेषा झिजलेला तिचा अंगठा आधारचे यंत्र ओळखीत नाही. सावकाराने त्याच अंगठ्यावर कधी हरकत घेतली नव्हती.