देऊळगाव राजा ते मुंबई : निसर्गरम्य कौटुंबिक सहलीची कृती

सुरुवात तारखेपासून करा. गाडी, मुक्काम, डिझेल हे नंतरचे प्रश्न आणि ते पैशाने सुटतात. तारीख मात्र आजीच्या हातात असते.

इगतपुरीचे डोंगर हिरवेगार दिसतात ते श्रावणात, म्हणून आधी श्रावण सुचवून पाहा. आजी विचारेल, सोमवार, शनिवार आणि एकादशी सांभाळून बाहेर खायचं कधी? भाद्रपदात महालक्ष्म्या, त्यांच्या पाठोपाठ पितृपक्ष. आश्विनात आपल्या बालाजीची यात्रा. यात्रेचा लाटा मंडप उभा राहत असताना देऊळगावचा माणूस गाव सोडून जातो, हे कुणी ऐकलंय का? यात्रा उरकेपर्यंत सोयाबीनची काढणी, मग कापसाची वेचणी. १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊ जन्मोत्सव, म्हणजे घरी पाहुणे. मार्चमध्ये परीक्षा. असं गाळत गाळत हातात फक्त मे महिना उरतो. निसर्गरम्य सहल मे महिन्यातच निघते, हे नवशिक्यांनी पाठ करून ठेवावं. तेव्हा डोंगर भाजलेल्या पापडासारखे दिसतात, पण सुट्ट्या असतात.

आता गाडी. सात जणांची गाडी ठरवा म्हणजे नऊ जण बसतील. पुढची सीट काकांची, कारण त्यांचे गुडघे. ज्याला गाडी लागते त्याला खिडकी द्या, लिंबू द्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या स्वतःजवळ ठेवा. आत्याला मागच्या सीटवर बसवू नका. बसवलंच तर ती काही बोलणार नाही, आणि ते न बोलणं मुंबईपर्यंत ऐकू येईल. डब्यात दशम्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी घ्या. वाटेत ‘सगळं मिळतं’ असं सांगणारा माणूस आपल्यासोबत येत नसतो.

रेल्वेचा पर्याय कुणीतरी काढेलच. त्याला प्रेमाने सांगा, की आपल्या गावाला रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची आहे आणि अजून तिची तब्येत चांगली आहे. तोवर जालन्याला जाऊन देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर झोपत जाता येतं. पण झोपेत निसर्ग दिसत नाही, म्हणून ही सूचना फेटाळावी. (गाडीतही सगळे झोपणारच आहेत, हे यावेळी बोलू नये.)

रस्ता कोणता घ्यायचा, यावर निघण्याच्या आदल्या रात्री भांडण ठेवावं. जुना रस्ता जालना, छत्रपती संभाजीनगर, वैजापूर, येवला, नाशिक असा जातो आणि कसारा घाट उतरतो. नवा समृद्धी महामार्ग नागपूर ते आमणे असा ७०१ किलोमीटरचा आहे. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ५ जून २०२५ला. समृद्धीवर चढायला एक वाट सिंदखेड राजाजवळ आहे, दुसरी जालन्याजवळ. सिंदखेड राजा मुंबईच्या उलट दिशेला पडतं, म्हणून जालनाच ठरेल. एवढ्यात घरातलं एखादं शाळकरी पोर विचारेल, ‘मग जिजाऊंचा राजवाडा बघून जालन्याला नाही का जाता येणार?’

इथे नवशिके गडबडतात. उत्तर चेहरा न हलवता द्यायचं असतं : ‘ते आपलंच आहे, कधीही बघू.’ लखुजीराव जाधवांचा वाडा, जिथे १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला, तो आपल्या घरापासून तासाभरापेक्षा कमी अंतरावर आहे. म्हणूनच तो सहलीत बसत नाही. हेच उत्तर लोणारच्या सरोवराला चालतं. चोखोबांचं जन्मगाव मानलं जाणारं मेहुणा राजा तर आपल्याच तालुक्यात, त्यालाही चालतं. खडकपूर्णेच्या धरणाला संत चोखासागर म्हणतात आणि तिथे हिवाळ्यात बाहेरगावचे पक्षी उतरतात. ते येऊन, राहून, परत जातात. आपण त्यांच्या गावाला निघालेलो असतो.

समृद्धीवर आल्यावर निसर्ग बघण्याची रीत वेगळी आहे. सपाटीवर वेगमर्यादा ताशी १२० आहे, त्यामुळे ‘ते बघ’ म्हणेपर्यंत ते मागे गेलेलं असतं. माळीवाड्याच्या बाजूला आलात की देवगिरीचा किल्ला शोधायची सूचना द्या. नऊपैकी दोघांना दिसेल आणि उरलेले त्या दोघांना खोटं ठरवतील. मधेच थांबून फोटो काढायचा मोह आवरा. या रस्त्यावर विनाकारण थांबायला बंदी आहे, आणि ती पाळण्यासारखी आहे.

गंमत थोडी बाजूला ठेवून सांगतो. १ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर आपल्या सिंदखेड राजाजवळच याच रस्त्यावर एक खासगी बस पेटली आणि २५ जण गेले. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागतो, तापलेल्या काँक्रीटवर जुने टायर फुटतात. निघण्यापूर्वी टायर आणि हवा तपासा, रात्रीचा प्रवास टाळा, दर दोन तासांनी नेमून दिलेल्या जागी थांबा, चालकाला चहा पाजा. मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा लावायचा. आत्याने सुद्धा.

शिर्डी आली की गाडीत मतदान होईल. दर्शन घ्यायचं ठरलं तर अर्धा दिवस गेला, नाही ठरलं तर आजी हात जोडून खिडकीतून नमस्कार करेल आणि पुढे मुंबईत काहीही बिघडलं की त्याचं कारण हेच असेल. माझा सल्ला, उतरा.

यानंतर सिन्नर, भरवीर, इगतपुरी. ज्यासाठी श्रावण मागितला होता तो सह्याद्री हाच. सगळ्यांना उठवा, काच खाली करायला सांगा, आणि तेवढ्यात गाडी बोगद्यात शिरेल. बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा आहे आणि त्याने कसारा घाटाची वळणं, माकडं, दरडी, धबधबे आणि मक्याची कणसं एका दमात गिळून टाकली आहेत. इंजिनिअरांचं काम अव्वल आहे, यात वाद नाही. पण घाट बघायचा असेल तर इगतपुरीलाच समृद्धी सोडून जुन्या रस्त्याने कसाऱ्याला उतरा. वेळ जास्त लागेल, कुणाला तरी गाडी लागेल, आणि सहलीचे बरे फोटो तिथलेच निघतील.

आमण्याला महामार्ग संपतो आणि भिवंडी सुरू होते. आतापर्यंत वाचवलेला सगळा वेळ इथे परत करायचा असतो. आपला मुक्काम ‘मुंबईच्या’ मावशीकडे आहे, म्हणजे डोंबिवलीत. मावशीला ‘गेटवे इथून किती लांब?’ असं पहिल्याच दिवशी विचारू नये, आधी जेवावं.

मुलांसाठी भायखळ्याची राणीची बाग ठेवा. तिथे पेंग्विन आहेत, २०१६ साली दक्षिण कोरियातून आणलेल्यांचं कुटुंब. तिकिटाच्या रांगेत उभं असताना पाटी वाचायला वेळ मिळेल. बागेचं अधिकृत नाव ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ असं आहे. शाळकरी पोराने ती मोठ्याने वाचली, तर त्याला आइस्क्रीम घेऊन द्या.

बाग बुधवारी बंद असते. तुम्ही बुधवारीच पोचाल. मग मोर्चा गेटवेकडे वळवा आणि आजीला समुद्र दाखवा. ती बराच वेळ बघेल, आणि विचारेल, एवढं पाणी आहे, तर यांच्या नळाला रोज येतं का? याचं उत्तर डोंबिवलीच्या मावशीला देऊ द्या.