वर्गणीची गाडी

गणपतीच्या आधी दोन-तीन आठवडे दाराची बेल वाजली, की मी चष्मा काढून दार उघडतो. पावतीपुस्तकावर आधीच लिहून आणलेला आकडा मग मला वाचता येत नाही. पण त्या वर्षी विसर्जन होऊन आठवडाही झाला नव्हता, मी गाफील होतो, नाकावर चष्मा होता आणि दारात पुतण्या चार मित्रांसह उभा होता. हातात पावतीपुस्तकाऐवजी लॅपटॉप.

“काका, आम्ही गाडी बनवतोय.”

“बनवा की. विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडेल.”

“महाग पडते काका. म्हणून तर आलोय.”

गाडी म्हणजे दगडधोंडे, चिखल, खड्डे यांतून पळणारी एका माणसाची बग्गी. इंजिनिअरिंगच्या पोरांनी ती स्वतः आखायची, स्वतः बांधायची आणि इंदूरजवळ पिथमपूरला नेऊन पळवायची. स्पर्धेचं नाव ‘बाहा’. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया या ओसाड द्वीपकल्पात १९६७पासून खडतर रस्त्यांवरची शर्यत होते, तिथून हे नाव आलं. विद्यार्थ्यांची स्पर्धा १९७६ साली अमेरिकेत सुरू झाली आणि २००७ साली आपल्याकडे आली. स्पेलिंग मात्र ‘बाजा’सारखं. त्यामुळे निम्म्या कोल्हापुरानं पोरांना विचारलं, “बाजा? आणि ताशा कुठाय?”

इंजिन तेव्हा सगळ्या संघांना एकाच जातीचं, ३०५ सीसीचं, १० हॉर्सपॉवरचं. आमच्या मळ्यावरची पाण्याची मोटार साडेसातची आहे. म्हणजे विहिरीपेक्षा अडीच घोडे जास्त, एवढ्यावर ही मुलं डोंगर चढणार होती.

लॅपटॉपवर प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर अशी देणगीदारांची उतरंड होती. सोन्याचा भाव ऐकून मी गप्प बसलो. शेवटी एक हजार एक रुपयांवर तडजोड झाली, पण गाडीवर माझ्या नावाचा स्टिकर लागेल या अटीवर.

आपले एक हजार एक रुपये नेमके कुठे जातात, हे बघायला मी मुलांबरोबर शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांत जाऊ लागलो. तिथे एक गोष्ट लक्षात आली. इथल्या माणसाकडे पैसे मागितले तर तो मंदीचं गाऱ्हाणं सुरू करतो. काम अडलंय म्हणून सांगितलं, तर बाह्या सारतो. एकानं पाईप वाकवून दिले. एकानं टिग वेल्डिंग फुकट करून दिलं, पण “पाईपाच्या तोंडाला खाच नीट पाडून आणा, फट दिसली तर हात लावणार न्हाई” असा दम भरून. मग मुलांनी कागदाचा साचा कापला, तो पाईपाला गुंडाळला, खुणा केल्या आणि दुसऱ्या पाईपाच्या गोलाईत तोंड चपखल बसेपर्यंत रात्रभर कानस चालवली. माझ्या बायकोच्या ब्लाऊजलाही शिंपी एवढी मापं घेत नाही.

तसं हे गावाच्या रक्तातलंच. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथेच, हातानं बनवला, आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैशांचा हात दिला तो गायिका तानीबाई कागलकरांनी. १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. तानीबाईंना कुणी प्लॅटिनम म्हटल्याचं ऐकिवात नाही.

चाकाचे हब केले लेथवाल्या मामांनी. पुतण्यानं ड्रॉइंग पुढे धरलं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या गोष्टी सुरू केल्या. मामा म्हणाले, “एवढं बारीक डोळ्याला दिसत न्हाई आता. बोटाला कळतंय.” दोन दिवसांनी हब तयार झाला. मामा बेअरिंग त्यात बसवायला लागले. कडेकडेनं, हलक्या हातानं ठोके. ठक, ठक, बोदा आवाज. मग एका ठोक्याला आवाज एकदम खणखणीत झाला. “बसलं,” म्हणत मामांनी हातोडा खाली ठेवला. मुलं कंप्युटरवर जे आठवडाभर शोधत होती, ते मामांनी कानानं ऐकलं.

“मामा, तुमच्या नावाचा स्टिकर लावूया?”

“नगं. मोडलं तर गावभर कळंल कुणी केलंय ते. आणि १७चा पाना नेलाय न्हवं, तेवढा परत आणा.”

गाडी आमच्याच पार्किंगमध्ये उभी राहिली. ड्रायव्हरला ५ सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे असा नियम. म्हणून रोज संध्याकाळी एक दांडगा पोरगा पट्टे सोडून उडी मारायचा आणि आम्ही घड्याळ लावून ओरडायचो. मिसळ खाल्लेल्या दिवशी नऊ सेकंद लागायचे. मिसळ बंद झाली. स्पर्धेसाठी एवढा मोठा त्याग मी दुसरा पाहिला नाही.

पिथमपूरहून पुतण्याचे फोन येत राहिले. ब्रेकच्या परीक्षेत चारही चाकं एकदम जाम झाली पाहिजेत. यांची तीनच झाली. नळीतली हवा काढली, मग चौथंही वळणावर आलं. शेवटच्या दिवशी चार तासांची शर्यत. तिसऱ्या तासाला स्टिअरिंगचा दांडा वाकला, शेजारच्या संघानं आपला सुटा काढून दिला, आणि गाडी पुन्हा आत गेली. नंबर आला नाही. चार तास संपले तेव्हा गाडी चालत होती, एवढंच.

परतल्यावर चिखलासकट गाडी उद्यमनगरात नेली. मी आधी माझा स्टिकर शोधला. तो मडगार्डच्या आतल्या बाजूला चिकटवला होता, असं मला तिथेच कळलं. पहिल्याच फेरीत गेला असावा. मामांनी नंबर विचारला नाही. चाकाजवळ उकिडवे बसले, अंगठ्यानं हबवरचा चिखल पुसला, चाक फिरवलं आणि कान लावून ऐकत राहिले. चाक बराच वेळ फिरत होतं. थांबलं तसे उठले.

“बरं हाय. आणि पाना?”

पाना पिथमपूरला राहिला होता. मी खिशात हात घातला. १७च्या पान्याला काही एक हजार एक लागत नाहीत, शिवाय त्यावर स्टिकरही चिकटवता येत नाही, म्हणून मी तो मुकाट्यानं आणून दिला.