भेंडीचा हट्ट

एडिंबरात स्थायिक झालेल्या मराठी माणसाला दर वसंतात एक झटका येतो. यंदा भेंडी लावायचीच! खिडकीतल्या कुंडीत रोप वीतभर होतं, कौतुकाचे फोटो पुण्याला जातात, मग ते बाहेर वाफ्यात जातं आणि मेमधल्या एखाद्या रात्री पारा उतरला की मान टाकतं. भेंडीला उकाडा लागतो. इथे भर जुलैतसुद्धा दुपारी जेमतेम १९-२० अंश.

खरी गंमत मात्र थंडीची नाही, उजेडाची आहे. जूनमध्ये सूर्य पहाटे साडेचारला हजर होतो आणि रात्री दहापर्यंत हलत नाही. आपल्याकडचा कांदा बारा तासांच्या आसपासच्या दिवसाला सरावलेला. इथे एप्रिलच्या मध्यालाच दिवस चौदा तासांचा होतो, मग पात धड वाढायच्या आत तो गड्डा धरून मोकळा. गोटीएवढा. पालक आणि कोथिंबीर तर चार पानं धरतात न धरतात तोच फुलावर येतात. पाहुण्यांनी चहा यायच्या आतच ‘येतो आम्ही’ म्हणावं, तसं.

इथली माणसं धोरणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेजाऱ्यांच्या खिडकीत डोकवावं: अंड्यांच्या ट्रेमध्ये बटाटे ओळीने बसवलेले, डोळ्यांचं टोक वर. उजेडात त्यांना आखूड, जाड, जांभळट कोंब येतात. तेच अंधाऱ्या कपाटात ठेवले की पांढरे, लुकडे, नुसते लांबत जातात. कडाका सरत आला की बटाटे जमिनीत. घाई फक्त आपल्याला.

आणि पार्सनिप! पांढऱ्या गाजरासारखा दिसणारा हा कंद जाणती मंडळी कडाक्याची थंडी पडेपर्यंत उपटतच नाहीत. थंडीने त्यातल्या पिठुळपणाची साखर होते. केलचंही तसंच, बर्फात उभं राहून ते गोड होतं. ज्या थंडीला आपण सहा महिने शिव्या देतो, तिच्यावर हे असं पोसलं जातं, हे जरा खटकतंच.

तेव्हा उत्तरेकडच्या समस्त मराठी बागायतदारांना विनंती: भेंडी दुकानातून आणा. मिसळणाच्या डब्यातले मेथीदाणे वाफ्यात फेका, कोवळी मेथी हमखास मिळते. उरलेली जागा केलला द्या. लसूण-मिरचीची फोडणी आणि वर दाण्याचं कूट घातलं, की केलची भाजी भाकरीबरोबर झकास लागते.