गुण्याभाऊ

हेमलकशाला येणारा पाहुणा लोकबिरादरी प्रकल्प बघतो. बाबा आमट्यांनी १९७३ साली सुरू केलेलं काम, दवाखाना, शाळा, डॉ. प्रकाश आमट्यांनी जीव लावलेली अस्वलं-बिबटे, असं सगळं बघून झालं की तो भामरागडच्या संगमावर जातो आणि हात जोडतो. गुण्याभाऊही एकदा गेले होते. पर्लकोटा, पामुलगौतम, इंद्रावती या तिन्ही नद्या डोळे बारीक करून न्याहाळल्या आणि म्हणाले, "तीन-तीन नद्या हायेत जी, पन एकही काटकोनात मिळत नाही."

हा माणूस तुमच्याही गावात असेल. काम करण्याआधी कामाचं हत्यार स्वतः बनवणारा, आणि हत्यार बनवता बनवता काम विसरणारा.

झालं होतं एवढंच, की वहिनींना स्वयंपाकघरात डब्यांसाठी एक फडताळ हवं होतं. फडताळ म्हणजे काटकोन आले, काटकोन म्हणजे गुण्या आला. अलापल्लीच्या बाजारात तो मिळतो. पण "दुकानातला गुण्या कोनी तपासला?" असं म्हणून भाऊंनी विषयच संपवला.

लाकूड सागाचंच हवं. पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं, रेषांच्या लांबीत जवळजवळ नाही, आणि साग त्यातल्या त्यात कमी फुगतो, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण भोवती सागाचं रान, इथला साग अयोध्येच्या राममंदिराच्या दारांपर्यंत पोचलेला, आणि भाऊंना वीतभर तुकडा मिळेना! रानातल्या लाकडाला वनखात्याची टीपी, म्हणजे वाहतुकीचा परवाना, लागते. शेवटी घरच्या पलंगाचा एक पाय कामी आला. पलंग तेव्हापासून विठोबासारखा विटेवर उभा आहे.

राहिलं पातं. लोखंडाला इथल्या पावसात गंज चढतो, तेव्हा पितळच. ते कुठून आलं, हे वहिनींना माहेरची परात सापडेना तेव्हा कळलं. त्या आठवड्यात भाऊंचं जेवण शेजाऱ्यांकडे झालं. तिथल्या ताटाच्या कडेवरही त्यांनी बोट फिरवून पाहिलं, असं ऐकतो.

काम मात्र देखणं. पायाला करवतीने खाच पाडली, परातीची पट्टी कानशीने सरळ करून तीत बसवली, गिरमिटाने भोकं पाडली आणि पितळी तारेचे रिबिट ठोकले. लाकूड घासून झिजू नये म्हणून आतल्या कडेलाही पितळेची पातळ पट्टी. मग परीक्षा. सरळ कडेच्या फळीला गुण्या टेकवून रेघ ओढायची, गुण्या उलटा करायचा, त्याच जागी पुन्हा ओढायची. दोन्ही रेघा एक झाल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर दिसते ती चूक असते त्याच्या दुप्पट. या दुपटीने भाऊंची झोप उडाली. थोडं कानसायचं, पुन्हा रेघ. फळीवर जागा उरली नाही तेव्हा दाराच्या मागे.

पर्लकोटेला पूर आला, रस्ते बंद झाले, की त्यांना श्रोते मिळतात. अडकलेल्या माणसाला ते दोरी देतात आणि तीन-चार-पाचचा त्रिकोण धरायला लावतात. एका मास्तरांनी तर पाणी उतरायच्या आतच निघायची तयारी केली होती.

रेघा अखेर एक झाल्या. पण तोवर शेजारचा माडिया गडी कुऱ्हाड आणि सुतळी घेऊन आला आणि नजरेच्या अंदाजाने दिवस मावळायच्या आत फडताळ उभं करून गेला. वहिनींनी त्याला चहा दिला, वर गूळ-शेंगदाणे. भाऊंना पाणीसुद्धा विचारलं नाही.

भाऊ गुण्या घेऊन आले. फडताळ आणि भिंत यांच्या कोपऱ्यात लावला. पात्याखालून उजेडाची बारीक फट दिसली. आम्ही सगळे गप्प. त्यांनी गुण्या उलटा करून लावला, मान तिरकी केली, बराच वेळ तशीच ठेवली.

"फडताळ बराबर हाय," ते म्हणाले. "भिंत झुकली हाय. ओळंबा लावून पाहा लागते."

"आहे का ओळंबा?" मी विचारलं.

"बनवतो ना! वजनाला थोडं पितळ पाहिजे."

वहिनींनी काही न बोलता देवापुढची समई उचलली आणि आतल्या पेटीत ठेवून कुलूप लावलं.