धुतल्या तांदळाची गाडी

भंडारा जिल्ह्यात असा एखादा भाऊ भेटतोच, ज्याच्या घरी मोटारसायकल नसते, मोटारसायकलचे तुकडे असतात. चेसिस पडवीत, टाकी दिवाणाखाली, इंजिन पोट उघडून टेबलावर आणि नटबोल्ट चिवड्याच्या डब्यात. पाहुण्याने चुकून तो डबा उघडला की भाऊंचा जीव खाली-वर होतो. काळजी पाहुण्याच्या दातांची नसते. त्यातले वॉशर आता कुठेच मिळत नाहीत.

भाऊ पोटासाठी काहीही करत असोत, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त असोत, वरठीच्या सनफ्लॅगमध्ये शिफ्टला असोत की लाखनीत मास्तर असोत, ओळख करून देताना ते फक्त एवढेच म्हणतात, "आपल्याकडं रोडकिंग हाय." हाय म्हणजे आहे. चालते असे ते म्हणत नाहीत, आणि शहाण्या माणसाने विचारूही नये.

रोडकिंग म्हणजे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची अडीचशे सीसीची टू-स्ट्रोक येझदी. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन; आणि ज्या दांडीने किक मारायची तीच पुढे पाडून गिअर टाकायचा. कारखाना १९९६ साली बंद पडला. भाऊंच्या घरात ते सुतक अजून फिटलेले नाही.

पण भाऊंना नुसती येझदी नको आहे, त्यांना डर्ट बाईक हवी आहे. त्या काळी आपल्याकडे दुकानात तयार डर्ट बाईक मिळत नसे. मोटोक्रॉसवाली पोरे येझदीच घ्यायची, मडगार्ड-दिवे काढून फेकायची, खाचांचे टायर चढवायची आणि गाडी मातीत घालायची. भाऊंना हे तोंडपाठ आहे. माझे मत विचाराल तर आमच्याकडची प्रत्येक राजदूत डर्ट बाईकच होती. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्सने काढलेली ती गाडी दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅना लटकवून भर पावसात पांदणीतून आणि धुऱ्यावरून जायची. आपण मोटोक्रॉस करतो आहोत हे दूधवाल्याला कोणी सांगितले नव्हते, म्हणून त्याने कप मागितला नाही.

भाऊंचा खरा जीव मात्र इंजिनातही नाही आणि मातीतही नाही. तो आहे ॲल्युमिनियममध्ये. क्रँककेस, हेड, ब्रेकची प्लेट, चाकाचे हब. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे तेल, चिखल आणि पांढरी बुरशी चढलेला हा माल कारखान्यातून निघाला तसा करायचा, हे त्यांचे जीवितकार्य. पितळी भांड्यांच्या या जिल्ह्यात सल्ल्याला काय तोटा? शेजारची आजी म्हणाली, "जर्मनच होय ना तो? आमी जर्मनचा गंज राखेनं घासतो." कोणी कॉस्टिक सोडा सुचवला. भाऊंनी तो एका जुन्या झाकणावर टाकून पाहिला. झाकण फसफसले, काळे पडले आणि कडेने पातळ झाले. कॉस्टिक मळ खातो आणि पाठोपाठ ॲल्युमिनियमही खातो, हे ज्ञान भाऊ तेव्हापासून सर्वांना फुकट वाटतात.

मग सँडब्लास्टिंग आले. वैनगंगेच्या काठी राहून वाळू विकत कोण आणणार? भाऊंनी अंगणात दोन घमेली वाळू चाळून ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी कोणीतरी रॉयल्टीची पावती विचारायला हजर. ज्या जिल्ह्यातून वाळूचे टिप्पर रात्रभर गुरगुरत जातात, तिथे भाऊंची दोन घमेली तेवढी दिसली! "मोटारसायकल धुवाले आनली," भाऊंनी खरे ते सांगितले. विश्वास बसण्यासारखे ते नव्हतेच.

पुढे वाळूही बाद झाली. तिचे टोकदार कण मऊ ॲल्युमिनियमला ओरबाडतात, त्यात रुतून बसतात. धूळ फुफ्फुसात गेली तर सिलिकोसिस. ब्रिटनने ओतकामावर वाळू मारणे १९४९ च्या नियमांनीच बंद पाडले, हे भाऊ इतक्या अभिमानाने सांगतात की नियम त्यांनीच केला असावा. लोखंडी ग्रिटही चालत नाही. त्याचे कण रुतले की ॲल्युमिनियमवर तांबूस ठिपके उठतात. शेवटी काचेचे बारीक मणी आले. धान भरायच्या पत्र्याच्या कोठीला भाऊंनी काच बसवली, दोन भोके पाडून त्यांत कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे लावले आणि कॉम्प्रेसर जोडला. आत दोन्ही हात घालून ते उभे राहतात तेव्हा अडलेल्या गाईमागे जनावरांचा डॉक्टर उभा असावा तसे दिसतात. कॉम्प्रेसर सुरू झाला की अख्ख्या आळीचे दिवे मान टाकतात.

काम मात्र फर्मास, हे मान्यच करायला हवे. क्रँककेस बाहेर येते ती रेशमी राखाडी. मग भाऊ बेअरिंगच्या जागांवरची टेप सोडवतात, तेलाच्या एकेका भोकात गरम पाणी आणि हवा मारतात, कारण आत एक मणी राहिला तरी तो बेअरिंग खाऊन टाकतो. या धुण्याला दोन दिवस. मग कोणीतरी उघड्या हाताने ती उचलतो. "हात नोको लावू बे!" भाऊ ओरडतात. तोवर बोटांचे डाग उमटलेले असतात. क्रँककेस परत कोठीत.

याच कारणाने गाडी जुळत नाही. जुळली तर चालवावी लागेल, चालवली तर चिखल उडेल. रोवण्याच्या दिवसांत पोराने विचारले, "बाबा, बांधीपर्यंत एक चक्कर?" भाऊंनी त्याच्याकडे असे पाहिले की पोरगा सायकल घेऊन गेला.

अलीकडे तर त्यांना सरकारी आधारच सापडला आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढायची नाही. भाऊंची गाडी १९७८ ची.

"म्हंजे २०२८ पर्यंत घाई नाही," भाऊंनी जेवताना जाहीर केले, "आन् त्याच्यानंतर चालवाचीच नाही. सरकारच म्हनते!"

वहिनींनी भात वाढता वाढता विचारले, "का जी, मंग तवापर्यंत त्या कोठीत धान भरू का?"